हिवाळ्यात क्वचित चालणाऱ्या जुन्या गाडीच्या इंजिनातील ओलावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपून पहाटेचा गारठा जाणवू लागला, की जुनी गाडी जपणाऱ्या मंडळींचे प्रश्न येऊ लागतात. कोणाच्या बोळात वडिलांची प्रीमियर पद्मिनी उभी असते, कोणाकडे १९९० च्या दशकातील मारुती ८०० असते. गाडी विकायची नसते, रोजच्या कामाला ती लागत नाही, आणि पंधरा दिवसांनी बॉनेट उघडले की ऑइलच्या झाकणाखाली भलतेच काही दिसून जीव धास्तावतो. कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः जुन्या पेट्रोल गाड्यांना धरून दिली असून, डिझेल आणि सीएनजी गाड्यांविषयी प्रश्न १३ मध्ये वेगळे लिहिले आहे.

१. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर जमला आहे. इंजिनात पाणी गेले का? हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलावे लागेल का?

बहुतेक वेळा हेड खोलण्याची गरज नसते. हा थर म्हणजे ऑइल आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब एकमेकांत घुसळले जाऊन तयार झालेले मिश्रण असते. झाकण इंजिनाच्या सर्वांत वर आणि बाहेरच्या हवेच्या थेट संपर्कात असल्याने ते लवकर गार होते, आणि आत फिरणाऱ्या वाफेचे पाणी सर्वांत आधी तेथेच होते. भाताच्या पातेल्यावरची झाकणी उचलली की तिच्या आतल्या बाजूने थेंब ओघळतात, तसाच हा प्रकार आहे.

घाबरण्याआधी डिपस्टिक (ऑइल मोजण्याची पट्टी) काढून स्वच्छ पांढऱ्या सुती कापडावर पुसावी. ऑइल मधासारखे किंवा काळसर, पण एकजीव आणि पारदर्शक दिसत असेल आणि थर केवळ झाकणापुरता व त्याखालच्या नळीच्या तोंडापुरता असेल, तर तो साधा ओलावा समजावा. तो थर पुसून घ्यावा आणि प्रश्न ३ व ४ काळजीपूर्वक वाचावेत. डिपस्टिकवरचे ऑइलच दुधाळ झाले असेल, तर मात्र थेट प्रश्न ५ कडे जावे.

२. कोल्हापुरात काही बर्फ पडत नाही. मग इंजिनात पाणी येते तरी कोठून?

बरेचसे पाणी बाहेरून येत नाही, ते इंजिन स्वतःच तयार करते. पेट्रोलमधील हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला की पाण्याची वाफ होते, आणि हिशेब मांडला तर एक लिटर पेट्रोल जळून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते, पण पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून थोडासा वायू खाली ऑइल असलेल्या चेंबरमध्ये उतरतोच. नव्या इंजिनातही तो उतरतो, आणि जुन्या, झिजलेल्या इंजिनात अधिक उतरतो. चेंबर गरम असेल तर ही वाफ ब्रीदर पाइपने (इंजिनातील वायू बाहेर काढणाऱ्या नळीने) बाहेर खेचली जाते. चेंबर गार असेल तर तिचे तेथेच पाणी होते आणि ते ऑइलमध्ये मिसळते.

बाहेरच्या हवेचाही यात वाटा आहे, तो लहान असला तरी खरा आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे तापमान १४-१५ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी २९-३० पर्यंत चढते. रात्रभर गार पडलेला लोखंडी ब्लॉक सकाळी हवेइतक्या लवकर तापत नाही. पंचगंगेकाठची किंवा पाणी पाजलेल्या उसाच्या फडाशेजारची दमट हवा त्या थंड धातूला लागली की तिच्यातील बाष्पाचे दव होते. ही घडामोड बाहेरच्या पत्र्यावर आपल्याला दिसते, पण उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरच्या आतही ती थोड्या प्रमाणात होत असते.

३. मी रोज सकाळी न चुकता दहा मिनिटे गाडी जागेवरच चालू ठेवतो. तरीही थर येतो. हे पुरेसे नाही का?

थर येण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. ही सवय काळजीपोटी लागलेली असते आणि अनेकांच्या घरी ती वडिलांपासून चालत आलेली असते, याची मला जाणीव आहे. तरीही ती आजच थांबवावी अशी कळकळीची विनंती आहे.

जागेवर चालणारे छोटे इंजिनही दहा मिनिटांत साधारण शंभरेक मिलिलिटर पेट्रोल जाळते, म्हणजे तेवढेच पाणीही तयार करते. इंजिनावर भार नसल्याने उष्णता मात्र फारच थोडी निर्माण होते. काट्यावर दिसते ते रेडिएटरच्या पाण्याचे तापमान असते, आणि ते वर आले म्हणून ऑइल तापले असे होत नाही. दहा मिनिटांनी आपण किल्ली फिरवून गाडी बंद करतो तेव्हा चेंबरमधील ऑइल जेमतेम कोमट झालेले असते. आलेले पाणी बाहेर टाकण्याइतकी उष्णता त्याला मिळालेली नसते. दुसऱ्या दिवशी त्यात आणखी भर पडते, आणि महिनाभर हे चालले की झाकणाखाली लोणी जमते.

चोकची गाडी असेल तर नुकसान दुप्पट होते. चोक ओढलेला असताना मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त असते, त्यातील न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि रिंगांवरून खाली उतरून चेंबरमधील ऑइल पातळ करते. ज्वलनात तयार होणारी आम्ले पाण्यात विरघळून बेअरिंगांना खाऊ लागतात, ते वेगळेच. शिवाय दार लावलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणे जिवावर बेतू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

“मग बॅटरी उतरेल त्याचे काय?” असे लगेच विचारले जाते. मंद गतीवर दहा मिनिटांत बॅटरी फारशी चार्ज होत नाही. बॅटरीसाठी निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवणे किंवा महिन्यातून एकदा चार्जर लावणे हा सरळ उपाय आहे. गाडी बाहेर काढायची असेल तर ती पूर्ण तापेपर्यंत चालवावी. तेवढा वेळ नसेल, तर त्या दिवशी तिला हात न लावणे अधिक चांगले.

४. मग किती दिवसांनी, किती वेळ आणि कोणत्या रस्त्याने चालवावी?

दहा ते पंधरा दिवसांतून एकदा, आणि पाण्याचा काटा आपल्या नेहमीच्या जागेवर आल्यानंतर आणखी किमान वीस-पंचवीस मिनिटे चालवावी. पाणी तापायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण दुप्पट वेळ ऑइलला लागतो. ऑइल ९०-१०० अंशांच्या आसपास पोहोचून काही काळ तसेच राहिले, तरच त्यातील पाणी उडून जाते.

रंकाळ्याला एक फेरी मारून येणे किंवा राजारामपुरीतून भाजी घेऊन परतणे यात हे साधत नाही, उलट आणखी एकदा थंड सुरुवात पदरी पडते. राष्ट्रीय महामार्गाने कागलपर्यंत जाऊन यावे. एका बाजूला सुमारे २० किलोमीटर अंतर पडते आणि गाडी सलग एका वेगात राहते. पन्हाळ्याचा रस्ताही उत्तम आहे, कारण चढणीवर इंजिनाला खरा भार मिळतो. मात्र पहिली पाच-सात मिनिटे इंजिनाला ताण न देता चालवावे, आणि सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघावे. गाडी उभी करून तापवण्यापेक्षा हळू चालवत तापवणे केव्हाही चांगले.

परत आल्यावर इंजिन बंद करून, हाताला कापड गुंडाळून ऑइलचे झाकण सावकाश उघडावे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत त्यातून वाफेची विरळ वलये निघताना दिसतात आणि झाकणाच्या आतील बाजू ओलसर लागते. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तेच झाकण कोरडे, नुसत्या ऑइलने चकाकणारे दिसते. तेव्हा ओलावा गेला असे मानायला हरकत नाही.

५. साधा ओलावा आहे की हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधील पातळ सील) गेले आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

एकाच खुणेवरून निदान करू नये. हेड गॅस्केट गेले असेल तर सहसा अनेक गोष्टी एकत्र दिसतात. रेडिएटरमधील किंवा बाटलीतील पाणी कोठेही गळती नसताना कमी होत जाते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि ते दुधाच्या चहाच्या रंगाचे होते. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतच राहतो आणि त्याला कूलंटचा गोडसर वास असतो. गाडी चालू असताना रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येतात. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे, गरम असताना ते कधीही उघडू नये.

खात्री करून घेण्यासाठी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी काठोकाठ करावी, बाटलीवर खूण करावी आणि प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे दोन फेऱ्या माराव्यात. पाणी खुणेवर टिकले आणि थर कमी होत गेला, तर हेडला हात लावू देऊ नये. पाणी उतरले, तर मात्र गाडी चालवत न राहता फिटरकडून दाबाची तपासणी करून घ्यावी, कारण पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग फार काळ तग धरत नाहीत.

६. गाडी तासभर चालवली तरी तापमानाचा काटा वर येतच नाही. हे इंजिन “थंड” असल्याचे चांगले लक्षण आहे, असे मला सांगण्यात आले. खरे आहे का?

खरे नाही. ही मोठी अडचण आहे. असे होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकलेला असतो, किंवा तो कोणी काढून टाकलेला असतो. उन्हाळ्यात गाडी तापली की रेडिएटर साफ करण्याऐवजी थर्मोस्टॅट काढून देण्याची पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे. माझ्या मारुती ८०० चा थर्मोस्टॅट एका गॅरेजमध्ये मला न विचारता काढला गेला होता, आणि त्यानंतर दोन हिवाळे मी झाकणाखालचा थर पुसत राहिलो. शेवटी पाण्याची नळी सोडून पाहिली तेव्हा त्या जागी केवळ रिकामे घर आढळले.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो दोऱ्याला बांधून पातेल्यातील पाण्यात सोडला आणि पाणी तापवले. उकळी फुटण्याच्या बरेच आधी त्याची झडप केसभर उघडली, मग हळूहळू पुरती वर आली, आणि पाणी निवल्यावर पुन्हा घट्ट बसली. जुना थर्मोस्टॅट हाताशी असेल तर तोही असाच तपासता येतो. झडप थंड असताना मिटत नसेल तर तो बदलावा. एवढ्या लहान भागामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचते, आणि तो नसेल तर कागलच काय, बेळगावपर्यंत जाऊन आले तरी ऑइल हवे तसे तापत नाही.

७. वर्षभरात गाडी जेमतेम हजार किलोमीटर चालते. तरी ऑइल बदलावे का?

होय, वर्षातून एकदा बदलावेच. कमी चाललेल्या गाडीचे ऑइल ताजे असते ही समजूत चुकीची आहे. ओलावा, आम्ल आणि पेट्रोल यांच्याशी झगडताना ऑइलमधील रसायने खर्ची पडतात आणि त्यात किलोमीटरची फारशी गणना नसते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, गाडी पूर्ण तापवून ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत, म्हणजे हिवाळाभर इंजिन स्वच्छ ऑइलवर उभे राहते.

ऑइल नेहमी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच घ्यावे. “जुनी गाडी आहे, जाड ऑइल घाला” असे सर्रास सांगितले जाते, परंतु जाड ऑइल तापायला आणि वर चढायला अधिक वेळ घेते. चेंबर धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन चालवण्याचा सल्लाही मानू नये. त्याऐवजी ऑइल नेहमीपेक्षा लवकर पुन्हा एकदा बदलावे.

८. सकाळी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि पाणी टपकते. काळजी करावी का?

पाच-दहा मिनिटांत थांबत असेल तर करू नये. ती ज्वलनातील वाफ असते. चालवूनही थांबत नसेल तर प्रश्न ५ पाहावा. मात्र जागेवर चालवलेल्या गाडीत हे पाणी सायलेन्सरच्या डब्यातच साचते आणि डबा आतून कुजतो.

९. पेट्रोलची टाकी भरून ठेवावी की रिकामी? इथेनॉलमुळे पाणी होते असे ऐकले आहे.

टाकी जितकी रिकामी, तितकी तिच्यात हवा अधिक आणि दव धरायला पत्रा अधिक. म्हणून ती अर्ध्याच्या वर ठेवावी. इथेनॉलची गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, विशेषतः आपल्या उसाच्या जिल्ह्यात, जेथे साखर कारखान्यांमुळे इथेनॉल हा घराघरांतला विषय आहे. २०२५ पासून पंपांवर सरसकट २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. थोडे पाणी त्यात विरघळून जळूनही जाते, म्हणजे तेवढ्यापुरता त्याचा उपयोगच होतो. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात, आणि पेट्रोल खेचणारी नळीही तेथेच असते.

त्यामुळे टाकीचे झाकण आणि त्याचा रबर घट्ट असावा, आणि भरलेले पेट्रोल दोन-तीन महिन्यांत संपेल इतपत गाडी चालावी. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि कार्बुरेटरचे वॉशर हे अशा पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. ते वर्षातून दोनदा बोटांनी दाबून पाहावेत, आणि मऊ, फुगलेले किंवा चिरलेले आढळल्यास बदलावेत.

१०. दव पडलेल्या सकाळी सेल्फ नीट फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. दुपारी तीच गाडी एका फटक्यात सुरू होते. असे का?

हा ओलावा इंजिनाच्या आतला नसून इग्निशनवरचा असतो. डिस्ट्रिब्यूटरच्या (प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाच्या) टोपीत आत दव धरले किंवा प्लगच्या वायरींवर ते बसले, की ठिणगी प्लगपर्यंत न जाता ओल्या पृष्ठभागावरून इकडेतिकडे पळते. अंधारात बॉनेट उघडून कोणालातरी सेल्फ मारायला सांगितले, तर वायरींवर निळसर रेघा चमकताना दिसतात. त्या वेळी हात लावू नये.

किल्ली काढून, टोपीचे क्लिप सोडून ती सुती कापडाने आतून-बाहेरून कोरडी करावी. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर तो तडा किंवा करपलेला मार्ग असतो, आणि अशी टोपी पुसून भागत नाही. प्लगच्या वायरी जुन्या असतील तर त्या पूर्ण संचाने बदलाव्यात. सेल्फ पुन्हा पुन्हा मारत राहू नये, कारण न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते.

११. गाडी अंगणात असते. प्लास्टिकचा कागद घालून घट्ट बांधून ठेवली तर चालेल का?

चालणार नाही. जमिनीतून वर येणारी ओल त्या कागदाखाली कोंडते आणि रात्री गाडीवरच उतरते. हवा खेळेल असे कापडी कव्हर घ्यावे. माती किंवा गवतापेक्षा फरशी चांगली, आणि कोरड्या पत्र्याच्या शेडला दोन्ही बाजूंनी हवा असेल तर कव्हरचीही गरज नाही. गोठ्याला लागून असलेल्या बंद खोलीत गाडी ठेवणे टाळावे, कारण जनावरांच्या श्वासाने आणि धुतलेल्या जमिनीने तेथील हवा सदैव दमट असते.

१२. आम्ही मुलांकडे तीन-चार महिने राहायला जाणार आहोत. गाडी हलवणारे कोणी नाही. शेजाऱ्याला अधूनमधून सुरू करायला सांगावे का?

सांगू नये. कारण प्रश्न ३ मध्ये आले आहे. जाण्याआधी गाडी प्रश्न ४ प्रमाणे चालवून ऑइल बदलावे. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक लहान चमचा स्वच्छ इंजिन ऑइल सोडावे, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून थोडी ढकलावी म्हणजे ते भिंतींवर पसरेल, आणि प्लग परत बसवावेत. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालून त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधावी. ही चिठ्ठी विसरू नये. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडावे. हँडब्रेक ओढून ठेवल्यास ब्रेकचे अस्तर ड्रमला चिकटते, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांखाली लाकडी ठोकळे लावावेत.

परतल्यावर प्लग पुन्हा काढून थोडा वेळ सेल्फ फिरवावा, म्हणजे ऑइल वर चढते. प्लगच्या भोकांतून तेलाचे तुषार उडतात, त्यामुळे वर फडके धरावे. पहिली काही मिनिटे निळा धूर येईल, तो घातलेल्या ऑइलचाच असतो.

१३. माझ्या जुन्या गाडीला सीएनजी किट आहे. डिझेलवाल्यांनाही हेच लागू आहे का?

सीएनजी जळताना पेट्रोलपेक्षा जास्त पाणी तयार होते. एक किलो सीएनजीपासून सव्वादोन किलोच्या आसपास. त्यामुळे अशा गाडीत लहान फेऱ्यांचा त्रास अधिक जाणवतो. डिझेल इंजिन जागेवर चालवल्यास पेट्रोलपेक्षाही सावकाश तापते, म्हणून प्रश्न ३ मधील विनंती त्यांना अधिक लागू आहे. डिझेलच्या टाकीतील पाणी फिल्टरखालच्या बोल्टने महिन्यातून एकदा काढावे.

१४. महापुरात गाडीला पाणी लागले होते. नंतर ती सुरू झाली, पण आता हिवाळ्यात थर दिसतो. दोन्हींचा संबंध आहे का?

असू शकतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर असे अनेक प्रश्न आले होते. पाणी चाकाच्या मध्यापेक्षा वर चढले असेल, तर चेंबरमध्ये, गिअरबॉक्समध्ये आणि एअर क्लीनरमध्ये ते गेले असे गृहीत धरावे, आणि इंजिन ऑइलबरोबर गिअर ऑइलही बदलावे. तेव्हा ऑइल एकदाच बदलले असेल, तर गाळाचा अंश मागे राहिलेला असतो. आता लागोपाठ दोनदा बदलावे. पुराच्या पाण्यातून नुकत्याच बाहेर काढलेल्या गाडीला मात्र सेल्फ मारूच नये. आधी प्लग काढून सिलिंडर रिकामे करावेत.

१५. वरील सर्व केले. थर्मोस्टॅट नवा आहे, दर पंधरवड्याला कागलला जाऊन येतो, कूलंटही कमी होत नाही. तरी थर येतोच. आता काय?

प्रथम ब्रीदर पाइप पाहावा. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरपासून एअर क्लीनरकडे जाणारी ही नळी चिकट काजळीने बुजलेली किंवा दुमडलेली असेल, तर वाफेला बाहेर जायला वाटच राहत नाही. नळी काढून फुंकर मारावी. हवा सहज गेली पाहिजे. वाटेत पीसीव्ही व्हॉल्व्ह (वायू एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असेल तर तो हलवल्यावर आतील गोळी खुळखुळावी, नाहीतर तो बदलावा.

नळी मोकळी असेल तर इंजिन गरम व चालू असताना ऑइलचे झाकण सैल करून नुसते ठेवावे. ते आतल्या दाबाने थडथड उडू लागले, तर रिंगा झिजून वायू प्रमाणाबाहेर खाली येत आहे. अशा वेळी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) तपासून घ्यावे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनाची कामे पिढ्यानपिढ्या होत आली आहेत, त्यामुळे प्रत्येक सिलिंडरचे आकडे लिहून मागण्यात संकोच करू नये. सर्व सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आणि पुस्तिकेतील मर्यादेत असतील, तर तो थर त्या इंजिनाच्या रचनेचा भाग समजावा. काही इंजिनांत ऑइल भरण्याची नळी लांब आणि ब्लॉकपासून दूर असते, आणि थंडीत तिच्या टोकाशी थोडा थर जमणारच. तो महिन्यातून एकदा कापडाने पुसून घ्यावा आणि डिपस्टिकवर लक्ष ठेवावे.